खालच्या मजल्यावरचे पाहुणे

माझ्या सासूबाई रेगेन्सबर्गला आल्या आणि त्याच आठवड्यात त्यांनी चोरी केली.

त्यांच्या लेखी ती चोरी नव्हतीच. पुण्यात आमच्या सोसायटीतली निम्मी ज्येष्ठ मंडळी पहाटे फिरायला निघताना हातात पिशवी घेऊनच निघतात. कुणाच्या कुंपणावरून लोंबणारी तगर, कुणाच्या फाटकावरची जाई, सगळं देवासाठी असतं, त्यामुळे विचारण्याचा प्रश्न येत नाही. तशाच त्या इथेही सकाळी खाली बागेत गेल्या, तळमजल्यावरच्या गृहस्थांच्या कुंड्यांमध्ये लालभडक जास्वंद फुललेली पाहिली आणि आनंदाने आमच्या गणपतीसाठी तोडून आणली. जेवढी होती तेवढी सगळी.

थोड्याच वेळात बेल वाजली. जर्मनीत शेजाऱ्याने सकाळी सकाळी बेल वाजवली की मी आधी आपली चूक शोधते. कचऱ्याच्या डब्यात चुकीचं काही गेलं का, रविवारी आपण भिंतीत खिळा ठोकला का, असं सगळं भराभर आठवून झालं. दारात ते गृहस्थ उभे. आम्ही घरात आपसात त्यांना हेर नाखबार, म्हणजे शेजारीसाहेब, म्हणायचो. निवृत्त फार्मासिस्ट, उंच, एकटे, कायम इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, की बागेतली फुलं कोणी तोडली हे मी पाहिलं का. ते रागावलेले नाहीत, पण त्यांच्या मिटबेवोनरचा नाश्ता राहिला आहे.

त्यांना मिटबेवोनर, म्हणजे कोणी सहनिवासी आहे, हेच मला नवीन होतं. पण तो विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली होती. समोरच देव्हारा होता आणि गणपती त्यांच्या फुलांत गळ्यापर्यंत बुडून बसला होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

त्यांनी बराच वेळ गणपतीकडे पाहिलं. मग विचारलं, "हे गृहस्थही जास्वंद खातात?"

मी म्हटलं, "नाही, ते फक्त डोक्यावर ठेवतात."

"आल्झो," ते विचार करून म्हणाले, "मग त्यांचं एका फुलात भागेल."

असा करार झाला. रोज एक फूल गणपतीला, बाकीची मिटबेवोनरला. आणि दुपारी आम्ही खाली यावं, त्याची ओळख करून घ्यावी, असं आमंत्रण. नाश्त्याला जास्वंद खाणारा हा कोण विद्यार्थी असेल, यावर आम्ही दोघींनी बरीच चर्चा केली. सासूबाईंचं मत पडलं, की पोटाचा काहीतरी विकार असणार बिचाऱ्याला. झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून त्यांनी बेसनाचे लाडू वळले, चांगली साडी नेसल्या आणि आम्ही खाली गेलो.

हेर नाखबारांनी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि एकदम जळगावचा मे महिना अंगावर आला. खोलीत भिंतभर चुनखडीचे दगड रचलेले, त्यांवर मोठाले दिवे, एका कोपऱ्यात एक साधी खुर्ची आणि घडीचं टेबल. आत कोणीच दिसेना. मग सर्वांत वरच्या दगडाने डोळा उघडला.

इथे एक सांगायला हवं. मला पालीची भीती वाटते. वाटते म्हणजे माहेरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाल दिसली तर मी त्या दिवशी चहाही बाहेरून पिऊन यायची. आम्ही जर्मनीत का राहिलो याची माझा नवरा लोकांना गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी, हवा, शिस्त अशी कारणं सांगतो. माझं कारण साधं आहे, इथे घरात पाल नसते. आणि माझ्या झोपण्याच्या खोलीच्या बरोबर खाली इतकी वर्षं हा प्राणी राहत होता. माझ्या दोन हातांत मावणार नाही एवढा लांब, राखी रंगाचा, गळ्याखाली बैलासारखी पोळी लोंबणारी, आणि नाकावर तीन शिंगं. मी सासूबाईंच्या मागे लपले. त्या माझ्या खांद्याला लागतात.

"अगंबाई, घोरपड," त्या म्हणाल्या, आणि चक्क दोन पावलं पुढे गेल्या.

घोरपड नव्हे, हे मला भाषांतर करून सांगावं लागलं. हा नासहॉर्नलेगुआन, म्हणजे गेंड्यासारखं शिंग असलेला इग्वाना. हेर नाखबार खुलले. भिंतीवर कॅरिबियन समुद्राचा मोठा नकाशा होता, त्यावर त्यांनी काठीने बेटं दाखवायला सुरुवात केली. या जातकुळीला दगडातले इग्वाना म्हणतात. सगळे खडकाळ बेटांवर राहतात, कपारीत झोपतात, सकाळी उन्हात पडून अंग तापवतात आणि मग पाला खायला निघतात. आणि बेट बदललं की प्राणी बदलतो. केमन बेटावरचा निळा असतो, अगदी आकाशी निळा. क्यूबाचा वेगळा. बहामाच्या बारक्या बेटांवर तर एकेका खडकाची आपली आपली जात. जमैकाचा सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिला होता, तो कुण्या शिकाऱ्याच्या कुत्र्याला पुन्हा सापडला. आमच्यासमोरचा हा हैतीच्या बेटाकडचा, आणि त्याच बेटावर त्याचा एक लाल डोळ्यांचा भाऊबंदही राहतो.

"म्हणजे घराणं एकच," सासूबाई म्हणाल्या, "नंतर वाटण्या झाल्या."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, हेर नाखबार म्हणाले. इतक्या थोडक्यात हे कुणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं म्हणे.

मग ते या प्राण्यांच्या शत्रूंकडे वळले. मांजरं, कुत्री, डुकरं, आणि सर्वांत वाईट म्हणजे मुंगूस. उसाच्या मळ्यांत उंदीर झाले म्हणून मळेवाल्यांनी मुंगसं आणून सोडली, त्यांनी उंदीर राहू दिले आणि इग्वानाची पिल्लं खाल्ली. मुंगसं आणली कुठून, तर भारतातून. हे मी सांगायला नको होतं. सासूबाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. आपल्याकडच्या मुंगसाने यांची घरं बुडवली आणि वर आपण यांचा नाश्ताही पळवला, असं त्यांच्या मनाने घेतलं. तो शुद्ध शाकाहारी आहे हे कळल्यावर तर प्रश्नच मिटला. त्या दिवसापासून तो त्यांच्यासाठी 'पाहुणे' झाला. अहोजाहो सुरू झालं. परक्या मुलखात एकट्या पडलेल्या जिवाला आणखी काय म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

परका मी त्याला म्हटलं नसतं. त्याच्याकडे सरकारी नोंदीचा कागद होता, जन्माचा दाखला होता, कातडीखाली चिप होती. आम्ही या देशात आलो तेव्हा आमच्याकडे यातलं निम्मंही नव्हतं.

मे सरत आला होता, पण सासूबाईंच्या अंगावरचा स्वेटर काही निघत नव्हता. ती खोली त्यांना मनापासून आवडली. जर्मनीत कुठे ऊब असेल तर इथेच, असं म्हणत त्या स्वेटर काढून तिथे अर्धा अर्धा तास बसून येऊ लागल्या. हेर नाखबार जर्मन बोलायचे, या मराठी बोलायच्या, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. मी वर ऑफिसच्या मीटिंगांमध्ये असायची. मुलगा आखनला शिकायला गेल्यापासून घर तसं रिकामंच होतं, त्यामुळे त्यांना करमतंय याचंच मला बरं वाटत होतं.

जूनमध्ये हेर नाखबारांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर काही आठवडे रेहा, म्हणजे व्यायाम आणि उपचारांसाठी दुसऱ्या गावी मुक्काम. इग्वानाकडे बघायला त्यांचा एक मित्र येणार होता, तो ऐन वेळी सायकलवरून पडला आणि हात मोडून बसला. ते पुन्हा आमच्या दारात उभे राहिले.  हॅम्बुर्गला त्यांची एक भाची होती. तिचं म्हणणं होतं, की आता या वयात, नव्या गुडघ्याने, हा प्राणी सांभाळणं पुरे झालं. कोणी बघणारं मिळालं तर ठीक, पण जरा जरी अडचण आली, तर त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निवाऱ्यात पाठवायचं. एकदा तिथे गेला की परत येणार नाही. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता आमच्या पायपुसण्याकडे बघत होते.

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणताहेत. मी सगळं सांगितलं, आणि आपल्याला कसं जमणार, हेही शेवटी हळूच जोडलं.

"त्यांना सांग, निश्चिंत जा," त्या म्हणाल्या.

मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

जाण्यापूर्वी त्यांनी आम्हाला सगळं शिकवलं. दिवे कधी लागतात, पाणी कसं बदलायचं, शेपटीच्या टप्प्यात का उभं राहायचं नाही. त्यांच्या औषधांच्या दुकानातल्या जुन्या तराजूवर पाला कसा तोलायचा. सिंहदंताची, म्हणजे डँडेलियनची, पानं, एंडीव्हचा पाला, किसलेला भोपळा, वर जास्वंद. पालक अजिबात नाही. मी सगळं मन लावून ऐकलं. त्यांनी काही म्हणजे काही सोडलं नाही, असं मला वाटलं.

ते गेले आणि इग्वानाने अन्न सोडलं.

पहिल्यांदा आम्ही मनावर घेतलं नाही. सासूबाई म्हणाल्या, एकादशी असेल. नंतर त्यांनी खोलीच स्वच्छ केली. घडीच्या टेबलावर पावाचे कण होते, ते पुसून टेबल मी मिटून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नेऊन ठेवलं, म्हणजे पाहुण्यांना ऐसपैस होईल. मग सासूबाईंनी आग्रह सुरू केला. आमच्याकडे पंगतीत त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. नको म्हणून पानावर आडवा धरलेला हातही त्यांना थोपवू शकत नाही. त्या दगडासमोर खुर्ची घेऊन बसायच्या, हातात पान धरायच्या आणि म्हणायच्या, घ्या हो, एवढंसं तर आहे. तो मान वरखाली हलवायचा. त्या खूश व्हायच्या, होय म्हणतात बघ. पशुवैद्य बाईंकडून मला पुढे कळलं, की ती मान हलवणं म्हणजे 'माझ्या हद्दीतून बाहेर जा' अशी ताकीद असते.

पाला सुकायचा, आम्ही नवा ठेवायचो. तो वरच्या दगडावर तोंड भिंतीकडे करून पडून राहायचा. संध्याकाळी हेर नाखबारांचा फोन यायचा आणि मी, सगळं ठीक, एवढंच सांगून विषय त्यांच्या गुडघ्यावर न्यायची. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं, की खरं सांगितलं तर तो माणूस कुबड्या टेकत चालत घरी येईल. ते खरंच होतं. पण फोन ठेवला की मला कसंतरी व्हायचं. मला त्या प्राण्याचं प्रेम नव्हतं, मी अजूनही दाराशीच उभी राहायची. पण ऑपरेशन करून आलेला माणूस दार उघडतो आणि खोलीतले दिवे बंद आहेत, दगड नुसते पडले आहेत, हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

पशुवैद्य बाई आल्या, त्यांनी त्याला उचलून तोललं, तोंड उघडून पाहिलं. आजार काही नाही, म्हणाल्या. एरवी असे प्राणी बरेच दिवस उपाशी काढतात, पण हा म्हातारा आहे, वजन उतरतंय. आठवड्याअखेरपर्यंत खाल्लं नाही तर निवाऱ्यात न्यावं लागेल, आणि त्यांना ते भाचीला कळवावं लागेल. त्यांचंही चूक नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी हे सांगितलं. जेवताना म्हणजे मी आणि नवरा जेवत होतो. सासूबाई तव्याजवळ होत्या. हे आमच्याकडे लग्न झाल्यापासून असंच आहे. त्या पुण्यात असोत की इथे, सगळे बसतात आणि त्या गरम पोळी वाढत राहतात. शेवटचा माणूस उठला की मग त्या ओट्याशीच ताट घेतात. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, एकदा तर तवाच लपवला. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर, अहो तुम्हीही बसा, असं म्हणून पाहिलं. ते बायकोला अहोजाहो करायचे, थट्टेत. गेल्या वर्षी ते गेले, पण त्यांचीही ती इच्छा काही पुरी झाली नाही.

"यांचं मन कशात तरी अडकलंय," सासूबाई तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या. "कावळा शिवत नाही तसं झालंय हे."

मला सासऱ्यांचा दहावा आठवला. घाटावर पिंड ठेवला होता, आम्ही सगळे लांब उभे, आणि कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. माझ्या नवऱ्याने आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. नणंदेने काय काय कबूल केलं. नातवाच्या शिक्षणाचं झालं, गावच्या जागेचं झालं. कावळा हलेना. शेवटी सासूबाई स्वतः पुढे गेल्या, पिंडाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या आणि मागे आल्या, आणि कावळा खाली उतरला. काय म्हणालात, हे आम्ही कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्याच उपायाने त्या आता इग्वानाकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताट ठेवून लांब उभ्या राहिल्या आणि एकेक कबूल करत गेल्या. तुमचे मालक बरे होऊन येतील. तुम्हाला कुठेही पाठवणार नाही. आमच्याकडची मुंगसं पुन्हा येणार नाहीत. मी दारातून ऐकत होते. हसू येत होतं आणि रडूही. तो भिंतीकडे तोंड करून होता.

आठवडा संपत आला. त्या दिवशी दुपारी माझी मीटिंग लांबली. संपल्यावर स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर सासूबाईंचं ताट झाकलेलं, तसंच. त्यांना मधुमेह आहे. गोळी घेतली होती, रिकामं पाकीट तिथेच होतं. मनात शंकेची पाल चुकचुकली आणि मी तशीच खाली धावले.

त्या खुर्चीत बसल्या होत्या. कपाळावर घाम. त्या खोलीत घाम कुणालाही येतो, पण त्यांचे हात थरथरत होते. मी विचारलं, जेवलात का. नाही म्हणाल्या. विचारलं, सकाळी काय खाल्लं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मग हळूहळू बाहेर आलं. आदल्या दिवसापासून त्यांनी धड काही खाल्लंच नव्हतं. पाहुणे जेवल्याशिवाय घरच्या बाईने पान घ्यायचं नाही, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. आधी त्या नुसतं उशिरा जेवत होत्या, म्हणजे पाहुणे मनावर घेतील. आता जेवणच थांबवलं होतं.

माझा तोल गेला. हेर नाखबारांच्या स्वयंपाकघरातून साखर घेतली, पाण्यात ढवळून त्यांना पाजली, वर जाऊन दहीभात कालवून आणला. त्या मान हलवत होत्या.

"पाहुणे उपाशी बसलेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर मी खाऊ?"

"आई," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता खाल्लं नाहीत, तर मी निवाऱ्यात फोन करते आणि त्याला आजच घेऊन जा म्हणून सांगते."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना धमकी दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. क्षमा करा हं, असं त्याला म्हणाल्या, खुर्ची थोडी बाजूला वळवली आणि वाटी मांडीवर घेऊन खाऊ लागल्या. चमचा वाटीला लागत होता, तेवढाच आवाज.

मग दुसरा आवाज आला. दगडावर नखं घासल्याचा. मी दाराची कडी घट्ट धरली. तो वळला होता. त्याने सासूबाईंकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं, एक पाय खालच्या दगडावर ठेवला, मग दुसरा. सावकाश, अगदी सावकाश, पाट मांडल्यावर वडीलधारी माणसं येतात तसा तो खाली आला. माझ्या पायापासून हातभर अंतरावर त्याचं ताट होतं. मी हलले नाही. हलता येत नव्हतंच. त्याने जिभेने जास्वंदीला स्पर्श केला, तोंड उघडलं आणि फूल आत गेलं.

सासूबाईंचा घास हातात थांबला. तोही थांबला.

"खा, खा," मी दबल्या आवाजात म्हटलं, आणि ते मी दोघांपैकी कुणाला म्हटलं हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी घास घेतला. त्यानेही पुढचं पान उचललं. दहीभात संपेपर्यंत ताट निम्मं झालं होतं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच दाराजवळच्या दगडावर बसले. आपण कशावर बसलो आहोत आणि कुणाशेजारी, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

तेव्हापासून सासूबाई दोन्ही वेळा खाली जाऊन जेवू लागल्या. मी केलरमधून घडीचं टेबल परत आणलं. त्या पोळीचा तुकडा मोडायच्या, तो सिंहदंताचं पान तोडायचा. पशुवैद्य बाईंनी वजन केलं आणि समाधानाने मान हलवली. निवाऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. हेर नाखबारांना फोनवर मी 'सगळं ठीक' म्हणाले ते त्या दिवशी माझ्याही नकळत एवढ्या मोठ्याने म्हणाले, की त्यांनी विचारलं, काही झालं होतं का.

ते परतले तेव्हा हातात काठी होती आणि चेहरा उतरलेला. सरळ मागच्या खोलीत गेले. इग्वाना दगडावरून उतरून त्यांच्या बुटाजवळ आला आणि डोळे मिटून बसला. ते वाकू शकत नव्हते, म्हणून त्यांनी काठीच्या टोकाने त्याच्या पाठीला हलकेच खाजवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

जेवायची वेळ झाली होती. ते काही बोलायच्या आत सासूबाईंनी घडीच्या टेबलावर डबा उघडला, पोळीभाजी काढली आणि जेवायला बसल्या. इग्वाना ताटाकडे वळला. हेर नाखबार बघतच राहिले. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. उपास, आग्रह, साखरेचं पाणी, दहीभात. त्यांनी खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला.

"ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "याला माझ्या बायकोने आणलं. ती गेल्यावर मी इथेच जेवतो. सकाळी, संध्याकाळी. मी पावाला लोणी लावलं की तो खाली येतो. पण शेजाऱ्यांना कसं सांगणार, की माझ्या वयाचा माणूस एका सरड्याबरोबर जेवतो?"

मी सासूबाईंसाठी भाषांतर केलं. त्या घास चावत होत्या.

"त्यात लाजायचं काय," मग म्हणाल्या. "एकट्याला घास उतरत नाही. त्यांना सांग."

मी सांगितलं. हेर नाखबार "या" म्हणाले, म्हणजे हो. एवढंच. मग त्यांनी स्वयंपाकघरातून काळा पाव आणि चीज आणलं, मी त्यांच्यासाठी आणखी एक खुर्ची ओढली, आणि तिघं जेवले. मी दाराशी उभी राहून लिंबाचं सरबत प्यायले. माझी प्रगती तेवढीच आहे.

त्या रात्री वर आमच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी सगळ्या पोळ्या आधीच करून डब्यात भरल्या. गॅस बंद केला. टेबलावर तीन ताटं मांडली, आणि तिसऱ्या ताटासमोरची खुर्ची ओढून बसल्या. माझा नवरा माझ्याकडे बघू लागला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं.

"घाटावर ह्यांना कबूल केलं होतं मी," त्या ताटातलं मीठ सारखं करत म्हणाल्या, "की सगळ्यांबरोबर बसत जाईन. तेव्हा कुठे कावळा शिवला. आणि मग राहूनच गेलं बघ."

 आम्ही जेवायला लागलो. पोळ्या गार झाल्या होत्या. माझ्या नवऱ्याने जन्मात कधी आईच्या हातची गार पोळी खाल्ली नसेल; त्याने मान खाली घालून एक संपवली आणि सवयीने दुसरीसाठी ताट पुढे केलं.

सासूबाई उठल्या नाहीत.

"डबा तुझ्या उजव्या हाताला आहे," त्या म्हणाल्या. "घे हाताने."